सिंहस्थातला सिंह कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सिंहाच्या प्रतीकांवर लेख आला. सारनाथचे चार सिंह, नृसिंह, दुर्गेचे वाहन हा भाग फार चांगला उतरला आहे. राशीच्या चौकटीत मात्र ‘सिंह : 23 जुलै ते 22 ऑगस्ट’ असे छापून त्याच ओळीत उज्जैनचा सिंहस्थ जोडला आहे. हे दोन सिंह निराळे. उज्जैनचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे; त्या वर्षीच्या लग्नांचे बेत इंदुरात अशा चौकटी पाहून ठरू नयेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

जुलै-ऑगस्टचा सिंह सायन आहे. तो वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून, मोजतात. आपल्या पंचांगातला सिंह निरयन, म्हणजे नक्षत्रांना बांधलेला : मघाचे चार चरण (चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग), पूर्वा फाल्गुनीचे चार आणि उत्तरा फाल्गुनीचा पहिला. संपातबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे आज या दोहोंत जवळजवळ 24 अंशांचे अंतर पडले आहे. आपल्याकडे सूर्य सिंह राशीत शिरतो तो 17 ऑगस्टच्या आसपास. सिंहाचे हृदय मानलेला मघा तारा तर 2012 च्या सुमारास सायन कन्येत गेलासुद्धा! शिवाय आपली जन्मराशी चंद्रावरून ठरते. पत्रिकेत ‘उत्तरा’ दिसले की सरसकट सिंह रास सांगतात, ते चूक. दुसऱ्या चरणापासून कन्या लागते.

सिंह हे सूर्याचे स्वगृह, यावर मात्र दोन्ही पद्धतींचे एकमत आहे. तेराव्या शतकातल्या सेल्जुक तुर्कांच्या नाण्यांवर आणि 1979 पर्यंत इराणच्या झेंड्यावर सिंहाच्या पाठीवर सूर्य दिसतो, तो याच नात्यातून. सूर्य सिंहेत असताना नाईलला पूर येतो म्हणून इजिप्तमध्ये कारंज्यांना सिंहमुखे बसवत, असे प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कने लिहिले आहे. लेखात हे यायला हवे होते.

सिंहस्थ ठरतो गुरूवरून. गुरू आणि सूर्य दोघेही सिंहेत, तेव्हा नाशिक. गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत, तेव्हा उज्जैन. 2027 च्या अखेरीस गुरू कन्येत जाईल आणि वक्री होऊन, म्हणजे आकाशात उलटा सरकताना दिसून, 2028 च्या सुरुवातीला सिंहेत परतेल, म्हणून उज्जैनचा योग एप्रिल-मेमध्ये जुळतो.

आता लग्न-मुंजीचे. ‘सिंहस्थात कार्य नाही’ एवढेच ऐकून पूर्ण वर्ष सोडून देणारी घरे पुष्कळ. ‘मुहूर्तचिंतामणी’ या मुहूर्तावरच्या संस्कृत ग्रंथाचा नियम इतका सरसकट नाही. गुरू मघाच्या चार आणि पूर्वा फाल्गुनीच्या पहिल्या अशा पाच चरणांत असेल, तर सर्वत्र वर्ज्य. पुढच्या चार चरणांत दोष फक्त गंगा-गोदावरीच्या मधल्या प्रदेशात. इंदूर त्यातच येते. पण सूर्य मेषेत असेल तर तिथेही कार्य चालते. 2028 मध्ये सूर्य साधारण 14 एप्रिल ते 14 मे मेषेत आहे आणि तेव्हा गुरू पूर्वा फाल्गुनीच्या उत्तरार्धात, म्हणजे ते पाच चरण टळलेले. त्या काळात इतर शुद्धी पाहून मुहूर्त काढता येईल. व्याही बडोद्याचे असतील तर आधी बोलून घ्यावे, कारण गुर्जर देशाला त्या ग्रंथाने गुरू सिंहेत असतानाचा संपूर्ण काळ वर्ज्य सांगितला आहे. कुलाचार आणि घरचे गुरुजी यांचा शब्द अर्थातच राहील.

हे डोळ्यांनीही पडताळता येते. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास इंदुरात सिंह जवळजवळ डोक्यावर असतो. विळ्यासारखी आयाळ, विळ्याच्या मुठीशी मघा, पूर्वेकडे पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे आणि शेपटीच्या टोकाला उत्तरा. 2028 च्या एप्रिलमध्ये सिंहाच्या मागच्या पायांखाली दिसणारा, मघापेक्षा कितीतरी तेजस्वी ठिपका हा गुरू.

पुढच्या अंकात चौकट दुरुस्त करून छापावी, सायन आणि निरयन तारखा वेगळ्या द्याव्यात आणि सिंहस्थापुढे ‘गुरू सिंहेत’ असे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आपला,
एक पंचांग-अभ्यासक वाचक, इंदूर