'फॅक्ट अँड फिक्शन' ऐक, मग भांडू

नागपूर, २८ मे

प्रिय सुध्या,

नवतपा लागला आहे, एवढ्यात इकडची खबर समज. पत्र लिहायचं कारण वेगळं. तुला एक अल्बम ऐकवायचा आहे, आणि फोनवर सांगितलं असतं तर तू दोन वाक्यांत उडवून लावलं असतंस. म्हणून लिहून राहिलो. कागदावर मधे तोंड घालता येत नाही.

अल्बमचं नाव 'फॅक्ट अँड फिक्शन', बँड ट्वेल्थ नाइट, गाव इंग्लंडातलं रेडिंग, साल १९८२. आता तू म्हणशील, निओ-प्रॉग, म्हणजे ऐंशीच्या दशकातला हा लांब गाण्यांचा रॉक, ही जेनेसिस या जुन्या बँडची झेरॉक्स. होस्टेलच्या गच्चीवर हे तुझं इतकं ऐकलंय की पाठ झालंय : जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये बँड सोडून गेला आणि मागून आलेल्या पोरांनी त्याचे टाकलेले कपडे घातले. याच जातीच्या मॅरिलियन बँडबद्दल त्यात थोडंफार तथ्य आहे, त्यांचा गायक फिश याचा रंगवलेला चेहरा पाहून कोणालाही तेच आठवेल. पण सगळ्यांना एकाच तराजूत काऊन तोलतोस बे?

मला हे सापडलं तेही मॅरिलियनमुळेच. रात्री मोबाइलवर त्यांचा पहिला अल्बम 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर' संपला आणि पुढचं काहीतरी आपोआप सुरू झालं. सुरू झालं म्हणजे स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. खोलीत कूलर भणाणत होता. तुला आमचा तो पत्र्याचा कूलर माहीत आहे, त्याच्यासमोर बसून माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. शेवटी उठून बटण बंद केलं, तेव्हा कळलं की गाणं चालू आहे. कुठून तरी लांबून, वरच्या पट्टीतला एक पातळ आवाज येतोय, देवळात म्हटल्यासारखा. ते या अल्बममधलं 'वी आर सेन', म्हणजे 'आम्ही शहाणे आहोत'. दहा मिनिटांच्या वर चालतं. घाम गळत होता, पण कूलर पुन्हा लावला नाही.

त्या गाण्यात एक ऑफिस आहे. कॉरिडॉर, कारकून, सांगितलं तेवढंच करणारी शहाणी माणसं. आपण शहाणे आहोत, नॉर्मल आहोत, हे ती इतक्यांदा घोकतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. सुरुवातीची प्रार्थना कधी हुकमात बदलते ते कळत नाही. सकाळी मेट्रोत सीताबर्डीपर्यंत हेच कानात आणि समोर आमच्यासारखीच माणसं, गळ्यात आयकार्ड. ऑफिसात शिरल्यावर साहेबांना 'येस सर' म्हणताना मला हसू आलं. बरं झालं, त्यांना ते आदरानं हसल्यासारखं वाटलं.

आता हे १९८२ चं इंग्लंड आहे हे ध्यानात घे. थॅचरबाईंचं राज्य, बेकारांचा आकडा ३० लाखांवर, फॉकलंडची लढाई नुकतीच झालेली, वर अणुयुद्धाची भीती. मॅरिलियननं पहिल्या अल्बममध्ये प्रेमभंगही गायला आणि बेलफास्टमधला सैनिकही, ते मी नाकारत नाही. पण ट्वेल्थ नाइटचा अख्खा अल्बम सत्ता काय सांगते आणि माणूस काय मुकाट्यानं मानतो, याच्याच मागे लागलाय. परीकथेतल्या राजाराण्या इथं नाहीत. टायटल साँग तर त्या काळच्या सिंथ-पॉपच्या, म्हणजे सिंथेसायझरवरच्या पॉप गाण्यांच्या अंगानं जातं. जेनेसिसची झेरॉक्स म्हणतोस ना, मग हे पान त्यात कुठून आलं ते सांग.

तुझ्यासारख्या कीबोर्डवाल्यानं एक गोष्ट मुद्दाम ऐकावी. त्यांचा कीबोर्ड वाजवणारा रिक बॅटर्सबी या अल्बमच्या वेळी बँडमध्ये नव्हता. त्यामुळे बास वाजवणाऱ्या क्लाइव्ह मिटननंच कीबोर्डही सांभाळला. मला वाटतं म्हणूनच इथं लांबलचक बोटं फिरवणारे सोलो कमी आणि जागा धरून ठेवणारे सूर जास्त आहेत. गिटारवर अँडी रेव्हेल, ड्रम्सवर ब्रायन डेव्हॉइल. रेकॉर्डिंग मात्र गरिबाघरचं आहे, खोटं कशाला बोलू. ड्रम्स ठिकठिकाणी डालड्याच्या रिकाम्या डब्यासारखे वाजतात. मोठी कंपनी पाठीशी नव्हती, अल्बम त्यांनी स्वतःच्याच लेबलवर काढला.

पण गाणारा! जेफ मॅन. चित्रं काढणारा माणूस. तो कुजबुजतो, किंचाळतो, मधेच सरळ बोलायला लागतो, आणि सूर थोडा हलला तरी पर्वा करत नाही. पहिल्यांदा ऐकून तुला राग येईल. 'क्रीपशो'मध्ये तो जत्रेतल्या तंबूवाल्यासारखा प्रेक्षकांना आत बोलावतो आणि एकेक भयंकर नमुना दाखवत जातो. बारा मिनिटांच्या आसपासचं गाणं आहे. हळूहळू लक्षात येतं की काचेच्या पलीकडे जे ठेवलंय ते आपणच.

आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी 'लव्ह साँग'. नाव वाचून मी नाक मुरडलं होतं. पण इतका वेळ दात-ओठ खाऊन गाणारा माणूस इथं साध्या गिटारवर प्रेमाबद्दल, क्षमेबद्दल बोलतो आणि एकही शब्द गुळचट लागत नाही. आधीचा राग ऐकलेला असल्याशिवाय या गाण्याला वजन नाही. म्हणून सुटं ऐकू नको, ओळीनं ऐक.

मॅन पुढे चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री झाला. नंतर हे वाचलं तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. १९९३ मध्ये कॅन्सरनं गेला.

मग हा अल्बम मागे काऊन पडला? माझं मत सांगतो. पंकनं, म्हणजे त्या काळच्या छोट्या, रांगड्या रॉकनं, लांब गाण्यांची हुर्यो उडवली होती, त्यामुळे मासिकं छापणाऱ्यांना ही जातच नको होती. त्यातून जी एक जागा मिळायची ती मॅरिलियनला मिळाली. ईएमआयसारखी मोठी रेकॉर्ड कंपनी पाठीशी होती, 'स्क्रिप्ट' मार्च १९८३ मध्ये आला आणि ब्रिटनच्या चार्टवर सातव्या नंबरावर गेला. इकडे त्याच वर्षाच्या शेवटी मॅननं ट्वेल्थ नाइट सोडला. दुकान नीट मांडायच्या आत मालक उठून गेला तर गिऱ्हाईक थांबणार कशाला? नंतर अँडी सिअर्स आला, तो गातो चांगला, माझ्या डोक्यात मात्र बसत नाही.

मॅनचे निरोपाचे कार्यक्रम नोव्हेंबर १९८३ मध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये झाले. त्याचं रेकॉर्डिंग 'लाइव्ह अँड लेट लिव्ह' म्हणून १९८४ मध्ये निघालं. जाणकार म्हणतात तेच त्यांचं खरं काम, आणि 'वी आर सेन' तिथं जास्त पेटलंय हे मलाही कबूल आहे. तरी तू आधी स्टुडिओवालाच ऐक. त्यातली ती कोंदट हवा लाइव्हमध्ये उडून जाते.

बाकी इकडचं ठीक. आई तुझी चौकशी करते. दिवाळीला येशील तेव्हा सदरच्या कॉफी हाऊसात बसू. तोवर अल्बम ऐकून काय ते लेखी कळव, व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नको. आणि 'क्रीपशो'चा कीबोर्ड बसवून बघ. मी बास शोधून ठेवतो, धंतोलीतल्या एका दुकानात सेकंडहँड पाहून आलो आहे, भाव अजून उतरत नाहीये.

तुझा,
अव्या