बाबांच्या हाताच्या मापाचा ओपनर

शेफील्ड,
कोजागिरी पौर्णिमा

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, तरी हे सगळं सांगायला फोन पुरत नाही म्हणून लिहायला बसले. माझ्या ऑफिसातल्या एक बाई दिवाळीला पुण्याला निघाल्या आहेत. त्यांच्याबरोबर एक लहानसा डबा पाठवतेय. त्यात बाबांच्याच जुन्या पंचाच्या तुकड्यात गुंडाळलेला एक ओपनर आहे. भंगारातल्या लोखंडी कांबीपासून, भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून मी स्वतः घडवलाय तो.

बाबा, गणपतीत काका आले होते तेव्हा व्हिडिओ कॉल चालू होता. तुम्ही सोड्याची बाटली हातात घेतलीत. ओपनर एकदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला, मग तुम्ही बाटली शेजारच्या मुलाकडे दिलीत आणि बोलणं दुसरीकडे वळवलंत. कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. स्टँडसमोरच्या आपल्या थंड पेयांच्या दुकानात, शीतगृहात, तुम्ही २७ वर्षं उभे राहिलात. २४ बाटल्यांचा एक क्रेट, आणि मे महिन्यात लग्नसराईच्या दिवशी असे किती क्रेट रिकामे व्हायचे ते मी पाहिलंय. गल्ल्याशेजारी सुतळीला बांधलेला तो ओपनर तुम्ही न बघता उचलायचात, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बाटलीवरचा बिल्ला उडायचा. त्याच हाताची बोटं आता सकाळी नीट मिटत नाहीत, हे आईने सांगितलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी. रात्रभर तेच डोक्यात होतं. दुकानात ओपनर शंभर प्रकारचे मिळतात, पण सगळे चपटे, आखूड, बोटांनी चिमटीत धरायचे. तुम्हाला हवा मुठीत धरायचा.

लोहारकाम शिकायला लागून मला तेव्हा पाच महिने झाले होते. दर शनिवारी सकाळी चार तास. शिकवणारे आजोबा सत्तरीचे आहेत, त्यांच्या घरात तीन पिढ्या हेच काम. तुम्ही दोघांनी तेव्हा विचारलं होतंत, एवढं शिकून लोहारकी कशासाठी? मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देते.

हे गावच पोलादाचं आहे. इथे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला आपल्या घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी एकसारखं पोलाद मिळेना, म्हणून त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. अ‍ॅबीडेल नावाच्या ठिकाणी पाणचक्कीवर चालणारा जुना कारखाना जपून ठेवलाय. तिथे गवत कापायचे लांब दांड्याचे विळे व्हायचे. मुशीची भट्टीसुद्धा तिथे उभी आहे. आणि आई, तुझ्या मांडणीवरची ती चकचकीत भांडी, बोहारणीला जुन्या साड्या घालून एक एक जमवलेली, ते न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली याच गावात तयार केलं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला तुझी ती मांडणीच दिसली, दुपारच्या उन्हात चमकणारी.

आता ओपनरचं सांगते.

कांब मिळाली ती आमच्या गल्लीत एका घराचं जुनं कुंपण काढत होते तिथे. विचारून घेतली. १२ मि.मी.ची चौकोनी, वर हिरव्या रंगाचे चार थर. आजोबांनी आधी ती कानशीने घासून बघितली आणि रंग पुरता खरवडून काढायला लावला. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत घालायचं नसतं, त्याच्या धुराने माणूस तापाने फणफणतो. जुना रंगही तसाच विषारी असू शकतो. भंगार हातात आलं की हे कुठून आलं, आधी काय होतं, हे विचारूनच पुढे जायचं, हा इथला पहिला नियम.

भट्टी दगडी कोळशाच्या कोकची. वाऱ्याला भाता नाही, विजेचा पंखा आहे. कांबीचं टोक निखाऱ्यात खुपसायचं आणि रंगाकडे बघत राहायचं. आधी डाळिंबाच्या दाण्यासारखा, मग केशरी झेंडूसारखा, मग पिवळ्या झेंडूसारखा. या दोन झेंडूंच्या मधे लोखंड सगळ्यात छान ऐकतं. त्याच्यापुढे गेलं, पांढुरकं होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या, की ते जळालं. तेवढा तुकडा गेला. बाहेर काढल्यावर हातात जेमतेम पंधरा-वीस सेकंद असतात. तेवढ्यात काय करायचं ते आधीच डोक्यात ठरलेलं हवं. रंग पुन्हा डाळिंबी झाला की थांबायचं, दुसरा ताव द्यायचा. आई, तू सांगायचीस ना, तुझ्या माहेरचे लोहारमामा लोखंड बाहेर काढलं की कुणाशी बोलायचे नाहीत, आणि लहानपणी तुला ते रागीट वाटायचे? ते का बोलत नसत, ते मला आत्ता कळलं.

पहिलं काम टोक चपटं करायचं. लोखंड कणकेसारखंच सरकतं, दाबाल तिकडे पसरतं, फक्त त्याला वेळ कमी असतो. टोक पसरून पेढ्याएवढं झालं की त्यात भोक पाडायचं. भोक ड्रिलनेही पडतं, पण तापलेल्या लोखंडात सुंभ्याने, म्हणजे भोक पाडायच्या टोच्याने, पाडलेल्या भोकाभोवती जवळजवळ सगळं लोखंड शाबूत राहतं. एका बाजूने सुंभा ठेवून चार-पाच ठोके, सुंभा पाण्यात बुडवून गार करायचा, पुन्हा ठोके. खाली कठीण लागलं की कांब उलटी करायची. उलट बाजूला, लालभडक अंगावर, एक काळसर वर्तुळ दिसतं. खालच्या ऐरणीने तेवढीच जागा गार केलेली असते. बरोब्बर त्यावर सुंभा ठेवून एक ठोका दिला की शर्टाच्या गुंडीएवढी चकती टक्कन खाली पडते. ती पहिली चकती मी धुऊन देवघरात ठेवलीय, हळदकुंकू लावून. खंडेनवमीला हातोड्याचीही पूजा केली.

मग ते भोक ऐरणीच्या चोचीवर घालून फिरवत फिरवत मोठं करायचं, आणि मुठीकडच्या कडेला एक लहान दात काढायचा. ओपनरचं सगळं मर्म त्या दातात. दात बिल्ल्याच्या खाली अडकतो आणि समोरची कड बिल्ल्याच्या डोक्यावर टेकते. या दोहोंतलं अंतर चुकलं की ओपनर हा ओपनर राहत नाही.

माझे पहिले तीन चुकले. पहिल्याचं भोक एवढं मोठं झालं की समोरची कड बिल्ल्यावर टेकेचना, पलीकडे घसरायची. दुसऱ्याचा दात जाड, बिल्ल्याखाली जाईचना. जोर केला तर बाटलीच्या तोंडाची काच उडाली. तिसऱ्याचं मात्र मला फार लागलं. तो मी गाडीच्या जुन्या स्प्रिंगच्या पोलादाचा केला होता. दोन शनिवार लागले होते. दात नेमका, पीळ देखणा. फोटो काढायची घाई झाली म्हणून लाल असतानाच पाण्यात बुडवला. पाण्यातून काढून पुसताना हातून निसटला, फरशीवर पडला आणि मानेपाशी दोन तुकडे झाले. लोखंड, आणि कपासारखं फुटलं! तुटल्या जागी आतला कण रवाळ, करड्या साखरेसारखा दिसत होता.

आजोबा रागावले नाहीत. तो तुकडा हातात धरून त्यांनी समजावलं. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन जास्त असतो. ते लाल असताना एकदम पाण्यात घातलं की काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ होतं. कोयत्याला, विळ्याला पाणी देतात ते याचसाठी, धार टिकावी म्हणून. पण नुसतं पाणी देऊन भागत नाही. नंतर पुन्हा मंद तापवून तो कडकपणा थोडा उतरवायचा असतो. घासून लख्ख केलेल्या पोलादावर तेव्हा रंग चढत जातात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी मोरपिशी निळा. कोणत्या रंगाला थांबायचं हे हत्याराप्रमाणे ठरतं. आपल्याकडे पेरणीआधी फाळ आणि खुरपी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून आणायचे, तेव्हा लोहार हे सगळं शाळा न शिकता, नुसत्या नजरेने करत होता. आणि आपण त्याला बलुत्याच्या चार पायल्या धान्यावर बोळवत होतो. आई, मामांच्या घरचं कुणी अजून ते काम करतं का? मला त्यांना भेटायचंय. डिसेंबरात येईन तेव्हा नेशील?

तुमचा ओपनर चौथा आहे, बाबा. तो कुंपणाच्या मऊ लोखंडाचा आहे. त्याला पाणी दिलेलं नाही, हवेतच गार होऊ दिलाय, त्यामुळे हातून पडला तरी तुटणार नाही. दाताचं टोक आणि समोरची कड यांत २२ मि.मी. ठेवलेत. मूठ लांब ठेवली, त्या टेकलेल्या कडेपासून हाताच्या मध्यापर्यंत १६ सें.मी. आपल्या गल्ल्यावरच्या ओपनरला ते अंतर फार तर ९ सें.मी. असेल. म्हणजे तिथे तुमचा जोर चौपट व्हायचा, इथे तो सातपट होईल. बोटांना नाही, हाताला काम करू दे. मुठीला मधोमध पीळ दिलाय, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, एकाच तावात, म्हणून तो सारखा पडला. ओल्या हातातूनही सटकणार नाही. शेवटचं टोक वळवून कडी केलीय, सुतळी ओवायला. सुतळी मात्र तुमच्याकडची हवी.

अंगावरची काळी खपली तारेच्या ब्रशने झाडून, लोखंड गरम असतानाच मधमाशीचं मेण फिरवलंय. तू बिडाच्या तव्याला तेल मुरवतेस ना आई, तसंच. साबणाने घासू नका, ओला ठेवू नका. गंजाचा ठिपका दिसला तर तेलाचं बोट फिरवा.

तुझी काळजीही मला माहीत आहे. अंगावर सुती कपडेच असतात, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर चश्मा. एकदा अंगठा भाजला, तो तुला सांगितला नव्हता, आता सांगते. लोखंड काळं दिसलं म्हणून गार झालं असं नसतं, मी उचललं. आठ दिवसांत बरा झाला, डागही राहिला नाही. आता उचलायच्या आधी हाताची पाठ जवळ नेऊन धग बघते, मगच हात लावते.

बाबा, अजून एक. आजोबांच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या गाडीवरची गोटी सोड्याची बाटली आठवते? ती गोटी आत ढकलल्यावरचा आवाज? ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची. १८७२ सालचं पेटंट. इथून जवळच्या बार्न्सली गावच्या काचकारखान्यात ती बनायची. मी तिथे जाऊन आले, नुसतीच गावातून चालले. आणि तुमचा बिल्ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचा, १८९२ चा. सुरुवातीला त्याला २४ दाते होते, आता २१ असतात. आजोबांची गोटी आणि तुमचा बिल्ला यांत एवढी वीसच वर्षं. आपल्या घरात मात्र त्याला एक पिढी लागली. लहानपणी मी दुकानातले बिल्ले वेचून वरवंट्याने ठोकून सपाट करायचे, दोन भोकं पाडून दोऱ्याची भिंगरी करायचे, आणि आई वरवंट्यासाठी ओरडायची. माझं लोहारकाम तिथेच सुरू झालं असं मला मनापासून वाटतं.

आता डबा मिळाल्यावर काय करायचं ते सांगते. लगेच फोन करून छान झालाय म्हणू नका, बाबा. समोरच्या दुकानातून चार काचेच्या बाटल्या मागवा आणि चारही तुम्ही स्वतः उघडा. दात मुठीच्या बाजूला येईल असा धरा, कड बिल्ल्यावर टेकवा, आणि मूठ सरळ वर उचला. मनगट वळवायची गरज पडू नये. पडली तर दात अजून बारीक करावा लागेल. मूठ जाड वाटली, जड वाटली, पीळ तळव्याला टोचला, तर तसं सांगा. तुमच्याएवढ्या बाटल्या उघडलेला माणूस मला दुसरीकडे कुठे मिळणार? कुंपणाच्या कांबीचा अजून हातभर तुकडा मी जपून ठेवलाय.

आणि ते चारही बिल्ले टाकू नका. मधोमध दुमडलेत की सपाट राहिलेत, तेवढं बघून फोटो पाठवा.

तुमची,
मनू