रब्बीसाहेब, तुम्ही आईला केळ्याचं विचारलंत

आदरणीय रब्बीसाहेब,

तुम्हाला मराठी येत नाही, लेक हिब्रूत वाचून दाखवेल, पण आभार मानायचे तर माझ्या भाषेतच मानायचे असं मी ठरवलं.

लेकीच्या लग्नाच्या नोंदणीसाठी इथे इस्रायलमध्ये आधी जिथे गेलो तिथे काय काय ऐकून घेतलं. आजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, आणा, पणजीचा आणा, इंडियाचे ना तुम्ही, मग ज्यू कशावरून? आई शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली, एक शब्द नाही बोलली. तिचं स्वतःचं लग्न 1963 चं हो! 1962 ला मुख्य रब्बींच्या कचेरीचं फर्मान निघालं होतं की बेने इस्रायलींचं, म्हणजे आम्हा कोकणातल्या ज्यूंचं, लग्न लावायच्या आधी आई, आजी, जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करा. लोक रस्त्यावर उतरले, 1964 ला क्नेसेटने, इथल्या संसदेने, ठणकावून सांगितलं की हे बाकीच्यांसारखेच ज्यू, तेव्हा कुठे ते थांबलं. आणि आता नातीच्या वेळी पुन्हा तेच, बाईने किती वेळा सिद्ध करायचं?

मग तुमच्याकडे आलो. तुम्ही फाईल बाजूला सरकवलीत आणि आईला विचारलंत, मलिद्याच्या, म्हणजे तुमच्या आभाराच्या विधीच्या, ताटात खजूर आणि केळं दोन्ही असतं ना, मग बराखा, म्हणजे खाण्याआधीचा आशीर्वाद, कशी म्हणता? आई पटकन म्हणाली, खजुरावर 'हा-एत्झ', म्हणजे झाडाच्या फळाची, केळ्यावर 'हा-अदामा', म्हणजे जमिनीतून येणाऱ्याची, कारण केळ हे झाड नव्हेच, एकदा घड काढला की तो खांब गेला, पेणला माझ्या आईने परसात दाखवलं होतं. तुम्ही वही काढलीत आणि तिचं बोलणं लिहून घेतलंत, पेण कसं लिहायचं तेही विचारलंत.

बास, मला तेवढंच आठवतं. कागद किती दिवसांनी झाले, सह्या कुणाच्या लागल्या, काही लक्षात नाही. इतकी वर्षं हलाखा, ज्यू धर्माचे नियम, शिकवणारा माणूस, त्याला उत्तर काय माहीत नव्हतं? पण माझ्या आईला कुणी पहिल्यांदा जाणकार म्हणून विचारलं, संशयित म्हणून नाही. धर्म शिकलेली माणसं खूप बघितली साहेब, समोरच्याला खुर्चीत ताठ बसवणारी फार थोडी.

त्या दिवसापासून आई येईल त्याला सांगते, रब्बींनी माझं लिहून घेतलं.

मेहंदीच्या आदल्या दिवशी घरी मलिदा आहे, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या नावाचा. पोहे आईच भिजवणार, नारळ मी खवणार. तुम्ही नक्की या. बराखा आई म्हणेल.

तुमची,
एका नवरीची आई