किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्क’: न मोजता बदललेल्या पार्ट्सबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
आपले पुण्यातील सर्व्हिस सेंटर

विषय: 2007 मॉडेलच्या पेट्रोल गाडीतील अधूनमधून होणारा स्टार्टिंगचा बिघाड, त्याचे चुकलेले निदान आणि बिलाचा परतावा.

महोदय/महोदया,

गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते. बिघाड दिसतो तो इंजिन तापल्यावर. कात्रजचा घाट चढून आल्यावर, किंवा दुपारच्या उन्हात सिंहगड रस्त्यावर रखडून पेट्रोल भरायला गाडी बंद केली, की पाच-दहा मिनिटांनी किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून एकच ‘टक्क’ ऐकू येते आणि सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर) फिरत नाही. त्या वेळी डॅशबोर्डचे दिवे मंद होत नाहीत, हॉर्न खणखणीत वाजतो. किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली तर एखाद्या वेळी सेल्फ घेतो, नाहीतर गाडी निवण्याची वाट पाहावी लागते. हे सगळे गाडी जमा करतानाच सांगितले होते. जॉबकार्डावर त्यातले दोन शब्द उतरले: ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’.

पुढचा सगळा घोळ या दोन शब्दांतून झाला आहे. सेल्फ फिरतच नाही हा एक बिघाड, आणि सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही हा दुसरा. पहिल्यात बॅटरी, केबल, अर्थिंग, इग्निशन स्विच आणि सेल्फ हेच मुख्यतः येते. पेट्रोल, प्लग, इग्निशन कॉइल, सेन्सर यांचा संबंध दुसऱ्यात येतो. माझी गाडी पहिल्या प्रकारातली. तरीही आपण आधी बॅटरी बदलली (रु. 4,300), मग सेल्फ बदलला (मजुरीसह रु. 7,150), आणि बिघाड परत आल्यावर टाकीतला फ्युएल पंप बदलला (मजुरीसह रु. 5,900). सेल्फच फिरत नसलेल्या गाडीचा फ्युएल पंप का बदलावा, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. फोनवर ‘हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांना होतं असं’ एवढेच ऐकवण्यात आले. जुन्या गाडीच्या रबरी पाइपांना इथेनॉल मानवत नाही हे मान्य, पण त्याने सेल्फची ‘टक्क’ होत नाही.

आता मोजमाप. गाडी तापलेली, बिघाड प्रत्यक्ष चालू, किल्ली स्टार्टवर धरलेली, अशा स्थितीत मल्टिमीटरने घेतलेले हे आकडे आहेत. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर 12.1 व्होल्ट. इग्निशन स्विचमध्ये येणाऱ्या वायरवर 11.6. स्विचमधून सेल्फकडे निघणाऱ्या वायरवर 8.3. सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) जिथे ती बारीक वायर बसते, त्या 50 नंबरच्या टर्मिनलवर 7.4. म्हणजे 3.3 व्होल्ट एकट्या इग्निशन स्विचच्या जळक्या संपर्कात खर्ची पडतात आणि 0.9 व्होल्ट पुढच्या वायरीत व हिरव्या पडलेल्या कनेक्टरमध्ये. हीच वाचने थंड इंजिनवर घेतली तर स्विचमधली घट जेमतेम निम्मी भरते आणि सेल्फ घेतो. सेल्फ इंजिन फिरवत असताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांत 0.2 व्होल्टचा फरक आहे, तेव्हा अर्थिंग ठीक आहे.

50 नंबरवरचे हे एक वाचन निदानाची वाट ठरवते. तिथे 11 व्होल्टच्या आसपास मिळत असून नुसतीच ‘टक्क’ होत असेल, आणि जाड केबल व अर्थिंग ठीक असेल, तर सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश गेलेत असे समजून सेल्फ खोलावा. तिथेच 7-8 व्होल्ट असतील तर सेल्फला हात लावायचे कारण नाही, दोष त्याच्या मागे आहे. खात्रीसाठी गाडी न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक वेगळी वायर 50 नंबरला क्षणभर टेकवायची. माझी गाडी तापलेली असतानाही त्यावर सेल्फ ताबडतोब फिरतो. या तपासणीला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

गरम झाल्यावरच का, हे आपल्या तांत्रिक विभागाने समजून घ्यावे. सोलेनॉइडची ओढ घेणारी कॉइल पहिल्या क्षणी 20 ते 40 अँपिअर खेचते आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा करंट थेट इग्निशन स्विचमधून जातो, मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो. वर्षानुवर्षे ठिणगी बसून संपर्क काळे पडतात. त्यात सेल्फ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे कॉइल 30 अंशांवरून 100 अंशांवर गेली की रोध साधारण 27 टक्क्यांनी वाढलेला असतो. व्होल्टेज आधीच तोकडे, त्यात ओढ कमी. सोलेनॉइडमधला सरकता दांडा (प्लंजर) हलतो, पण संपर्क मिटेपर्यंत पोचत नाही. ती ‘टक्क’ त्याचीच.

आणि म्हणूनच चुकीचा पार्ट बदलला तरी गाडी काही काळ बरी वाटते. नवी बॅटरी थोडे जास्त व्होल्टेज देते, नव्या सेल्फचा प्लंजर हलका सरकतो. उणीव तात्पुरती झाकली जाते, मूळ दोष वाढत राहतो आणि उन्हाळा तापला की पुन्हा डोके वर काढतो. ‘सेल्फ बदलल्यावर चालली होती ना?’ हा आपल्या सर्व्हिस अॅडव्हायजरचा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

जॉबकार्डांवर ‘स्कॅनर लावला, फॉल्ट कोड नाही’ आणि ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असे शेरे आहेत. इग्निशन स्विचच्या संपर्कावर इसीयूची (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची) नजरच नसते, कोड येणार कुठून? तपासणी झाली ती रात्रभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या थंड गाडीची, सकाळी. जो बिघाड गरम असतानाच होतो, तो असा कधी सापडायचा?

पंपाबद्दल वेगळे सांगायला हवे. तो बदलण्याआधी निदान इंजेक्टर रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर गेज लावून दाब (अशा गाड्यांत साधारण 3 बार) आणि किल्ली ऑन केल्यावर पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर, एवढे तरी तपासून नोंदवायचे होते. तशी नोंद कुठेही नाही. उलट पंप बसवताना टाकीच्या तोंडाची जुनीच रबरी रिंग वापरली आहे. टाकी पूर्ण भरली की मागच्या सीटखालून पेट्रोलचा वास येतो. हा धोका आहे आणि तो आपल्या कामातून निर्माण झाला आहे, म्हणून ते काम सर्वांत आधी व्हावे.

बॅटरीचे पैसे मी मागत नाही. जुनी बॅटरी चार वर्षांची होती, लोड टेस्ट न करता काढली तरी कधीतरी बदलावीच लागली असती. बाकी मागण्या अशा: सेल्फ आणि फ्युएल पंप यांची मजुरीसह रु. 13,050 ही रक्कम परत करावी. माझा काढलेला मूळ सेल्फ, जो मागूनही मिळाला नाही, तो द्यावा. पैसे परत केल्यावर आपला नवा सेल्फ आपण खुशाल काढून न्या. टाकीची नवी रिंग विनामूल्य बसवावी.

मूळ दुरुस्ती आपल्याकडेच करायची असेल तर ती अशी: इग्निशन स्विचचा मागचा इलेक्ट्रिकल भाग नवा, कनेक्टर साफ, आणि सोलेनॉइडसाठी 40 अँपिअरचा चार पिनांचा रिले. रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीवरून 30 अँपिअरच्या फ्यूजमधून 4 चौरस मिमीची वायर, 87 वरून सेल्फच्या 50 ला, 86 ला स्विचकडून येणारी जुनी वायर, 85 ला बॉडी अर्थ. स्विचवर मग रिलेच्या कॉइलचा नगण्य भार राहतो. नाना पेठेत हा रिले सॉकेटसकट काहीशे रुपयांत मिळतो. लाल-निळी टेप गुंडाळून वायर जोडलेली चालणार नाही, थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) हवी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(11) नुसार सेवेतील त्रुटी म्हणून पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद करेन.

गाडी पुन्हा तपासायची असल्यास मी ती दुपारी, तापलेल्या इंजिनासह आणेन. मल्टिमीटर आणि तो वाचता येणारा माणूस तेव्हा हजर ठेवावा, आणि वरील चारही ठिकाणची वाचने माझ्यासमोर जॉबकार्डावर लिहावीत.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे 411038

सोबत: तिन्ही जॉबकार्डे व बिलांच्या प्रती, मीटरच्या वाचनांचे फोटो.