तारीख स्पर्धेची नको, गुडघ्याची पाहा

संपादक महोदय,

दिवाळी झाली की रायगडात गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात, त्या थेट पावसाच्या तोंडापर्यंत. पेण, अलिबाग, मुरूड, रोहा, कुठेही जा, शनिवारची रात्र रिकामी जात नाही. या मोसमाआधी मंडळांना आणि संघांच्या प्रशिक्षकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला ‘सहा महिने झाले ना, मग उतर की’ असं म्हणू नका.

मी डावा कोपरा खेळते, म्हणजे बचाव करणाऱ्यांत डाव्या टोकाला उभी असते. चढाईवाली बोनस रेषेचा जादा गुण मिळवायला पाय टाकते तेव्हा तिच्या घोट्याला झेपावणं हे माझं काम, आणि या खेळात मला सगळ्यात प्रिय तेच. एका सामन्यात मी झेपावले, शेजारची मध्यरक्षक धडक द्यायला आली, माझा बूट मॅटला रुतल्यासारखा तिथेच राहिला आणि अंग मात्र फिरलं. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. एमआरआयमध्ये कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, पूर्ण तुटला आहे. हा अस्थिबंध नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही. चालताना त्याची उणीव फारशी जाणवत नाही, पण धावता धावता वळायला गेलं की गुडघा दगा देतो. मुंबईत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (रक्ताची नव्हे; स्नायू हाडाला बांधणारा दोर, टेंडन) काढून नव्या अस्थिबंधाच्या जागी बसवली.

पुढचं काम टाक्यांपेक्षा कठीण होतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती दाबायची, एवढाच पहिला व्यायाम. मी मांडीला हुकूम सोडत होते आणि मांडी हलत नव्हती. बघता बघता ती इतकी बारीक झाली की सासूबाईंनी टेप आणून दोन्ही मांड्या मोजल्या आणि काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याला दोन अंडी वाढवली. पतसंस्थेतून अर्धी रजा टाकून दिव्याला जाणारी रेल्वेगाडी पकडायची, पनवेलला फिजिओथेरपिस्टकडे जायचं, संध्याकाळी परतायचं, असं वर्षभर चाललं. रोह्यात खेळाडूंच्या दुखापतींचं काम करणारं कुणी मला सापडलं नाही.

पनवेलच्या मॅडमनी एक गोष्ट नीट समजावली, ती प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असायला हवी. बसवलेली शीर लगेच अस्थिबंध होत नाही. पहिल्या काही महिन्यांत ती उलट कमकुवत होते, मग तिच्यात रक्तवाहिन्या वाढतात आणि हळूहळू बळ येतं. पण सूज आणि दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबलेलं असतं. म्हणजे मुलीला बरं वाटू लागतं ते नेमकं शीर कच्ची असताना, आणि मंडळाचा फोन येतो तोही तेव्हाच. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. ९ महिन्यांनंतरही नुसतं कॅलेंडर पुरत नाही. दुखावलेल्या पायाचं बळ चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवं, एका पायावरची उडी दोन्ही पायांनी जवळजवळ सारख्या अंतरावर पडायला हवी आणि उडीवरून उतरताना गुडघा आत वळता कामा नये.

माझ्याबरोबर खेळणारी एक चढाईपटू पाचव्या महिन्यात उतरली. अंतिम सामना होता, समोरचा संघ तगडा होता आणि सगळं गाव तिच्या नावाने ओरडत होतं. तिसऱ्या की चौथ्या चढाईला तोच गुडघा गेला. दुसरी शस्त्रक्रिया घरच्यांना परवडली नाही. तिच्याइतका चपळ पाय मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही, आणि आज ती सामना बघायलासुद्धा येत नाही. याचा मला अजून राग येतो.

दुखापतीतून परतण्याचा दाखला म्हणून लोक क्रिकेटपटू ऋषभ पंतचं नाव घेतात. ३० डिसेंबर २०२२ ला त्याचा अपघात झाला, गुडघ्याचे अस्थिबंध मुंबईतच जोडले गेले आणि तो पुन्हा सामना खेळला मार्च २०२४ मध्ये. बेंगळुरूच्या क्रिकेट अकादमीत तज्ज्ञांची फौज दिमतीला असतानाही त्याला जवळपास पंधरा महिने लागले. मग भात लावून, नोकरी करून सरावाला येणाऱ्या मुलीने सहा महिन्यांत उभं राहावं, हा हिशेब कुणी लावला?

मी परतले आहे. आधी एकटीने धावणं, मग मातीवर सराव, मग मॅट. पाय तयार झाला तरी मन मागे होतं. चढाईवाली माझ्या बाजूला वळली की मी अर्धं पाऊल मागे घ्यायचे, आणि कोपऱ्यावर अर्धं पाऊल म्हणजे गेलेला गुण. सरावात संघातल्या मुली मुद्दाम माझ्याच अंगावर चढाया करत राहिल्या, आधी सावकाश, मग पूर्ण वेगात. ज्या दिवशी मी विचार न करता झेपावले आणि घोटा हातात आला, त्या दिवशी साखळीतल्या सगळ्याजणी माझ्यावर येऊन पडल्या. दोन मोसम मी ज्या गोष्टीसाठी तळमळत होते ती हीच.

सरकारने तालुका क्रीडा संकुलं उभारली. तिथे आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसला तर किती मुलींची पनवेल-मुंबईची फेरी वाचेल. क्रीडा खात्याने हे मनावर घ्यावं. पण मंडळांना शासनाची वाट पाहायची गरज नाही. आमच्या मंडळाने यंदापासून प्रवेशअर्जात एक रकाना वाढवला आहे: मागच्या वर्षभरात शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टची खेळण्यास हरकत नसल्याची चिठ्ठी जोडावी. चिठ्ठी नसेल तर नाव यादीत जाणार नाही, मग ती संघाची कर्णधार का असेना. इतर मंडळांनीही हा रकाना आपल्या अर्जात घालावा, आणि जिल्हा संघटनेने तो सगळ्या स्पर्धांना सक्तीचा करावा.

आपली नम्र,
एक कबड्डीपटू, रोहा (जि. रायगड)