लहान मुलं आहेत म्हणून जंगल रद्द करू नका, प्लॅन बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या सफारीवरचा लेख वाचला, लेख छानच होता पण शेवटी लिहिलं होतं की घरात लहान मुलं असतील तर स्वतः गाडी चालवत, टेंटमध्ये राहत सफारी करायचा विचार सोडून द्या. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. आम्ही मागच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर नॅशनल पार्कला नऊ रात्री टेंटमध्ये राहून आलो, मोठा आठ वर्षांचा आणि धाकटी पाच. जमतं हो. पण प्लॅन मोठ्यांच्या हौसेने केला तर नाही जमत, हेही तितकंच खरं.

आधी एक गोष्ट सांगते जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. पार्कवाल्यांच्या उघड्या गाडीतून जी गाइडसोबतची सफारी असते तिथे सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत आणि पायी सफारीला तर बारा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे पाच वर्षांची मुलगी सोबत असेल तर स्वतःची गाडी हाच रस्ता उरतो. आपल्याला ताडोब्याची सवय, जिप्सी, गाइड, ठरलेली वेळ, त्यामुळे स्वतः स्टिअरिंगवर बसून जंगलात फिरायचं म्हटलं की छातीत धस्स होतं. पण तिथे मुख्य रस्ते डांबरी आहेत, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, डांबरी रस्त्यावर 50 ची लिमिट आणि मातीच्या रस्त्यावर 40. राहायच्या कॅम्पना कुंपण आहे, गरम पाण्याच्या बाथरूम आहेत, सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर असतं त्यात हॉटप्लेट आणि उकळतं पाणी. पाच वर्षांच्या मुलीला मऊ भात मिळाला की आईचं निम्मं टेन्शन जातं, तांदूळ, मूगडाळ, हिंग सगळं आम्ही जोहान्सबर्गला फोर्ड्सबर्ग भागातून घेतलं, तिथे आपल्या लोकांची दुकानं भरपूर आहेत.

आता प्लॅनचं. नवऱ्याने पहिला जो एक्सेल केला होता त्यात नऊ रात्रीत पाच कॅम्प होते, थेट वर ओलिफंट्स आणि लेताबापर्यंत. नकाशावर सगळं जवळ दिसतं, सत्तर किलोमीटर, नव्वद किलोमीटर, म्हणजे आपल्याला वाटतं दीड-दोन तास. पार्क जवळपास 19,500 चौरस किलोमीटरचा आहे आणि आत तुम्ही मधेमधे थांबत थांबत जाता, त्यामुळे तासाला फार तर वीस-पंचवीस किलोमीटरच धरायचे. लोअर साबी ते सातारा (हो, तिथल्या एका कॅम्पचं नाव खरंच सातारा आहे, मोठ्याला ते इतकं आवडलं की त्याने साताऱ्याच्या आजीला पहिला व्हिडिओ कॉल तिथूनच केला) 93 किलोमीटर आहे आणि आम्हाला साडेपाच तास लागले. म्हणून मी हट्टाने पाचाचे तीन कॅम्प केले, बर्ग-एन-डाल, लोअर साबी आणि सातारा, प्रत्येक ठिकाणी तीन रात्री. टेंट एकदा लावला की तीन दिवस हलवायचा नाही. मुलांना दुसऱ्या दिवशी आपला टेंट कुठला, बाथरूम कुठली हे कळतं आणि ती घरच्यासारखी वागायला लागतात. जोहान्सबर्गला पोचल्या दिवशी लगेच निघूही नका, विमान बदलून आलेली मुलं पेंगत असतात आणि पुढे पार्कच्या मलेलेन गेटपर्यंत चारशेच्या आसपास किलोमीटर आहेत, एक रात्र तिथेच झोपा.

आणि ज्याच्यावर कुणीच लिहीत नाही ते म्हणजे शू. जंगलात गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे, उतरता येतं ते फक्त कॅम्पमध्ये आणि पिकनिकसारख्या ठरवून दिलेल्या जागांवर, आणि या जागा दूरदूर आहेत. मे महिन्यात कॅम्पचं गेट सकाळी 6 ला उघडतं आणि संध्याकाळी 5:30 ला बंद, उशीर झाला तर दंड. पाचव्या दिवशी आम्ही स्कुकुझाहून, म्हणजे पार्कच्या मुख्य कॅम्पहून, लोअर साबीकडे नदीकाठच्या रस्त्याने परत येत होतो, पावणेपाच झाले होते, वळणावर हत्तींचा कळप रस्त्यात. मोठ्या माद्या आणि मधे दोन पिल्लं. आम्ही लांबच थांबलो, आमच्या मागे कुणी नव्हतं, आणि तेवढ्यात धाकटी म्हणाली आई शू. एक मादी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, कान पसरलेले, सोंड वर करून वास घेत होती. नवऱ्याने हळूच गाडी वीसेक फूट मागे घेतली. मी मागच्या सीटखालून छोटं पॉटी काढलं, त्यात आधीच डायपर अंथरून ठेवलेलं होतं, आणि मुलगी माझ्या मांडीला घट्ट धरून त्यावर बसली, एक शब्द न बोलता, खिडकीतून त्या पिल्लांकडे बघत. मोठ्याने श्वाससुद्धा आवाज न करता घेतला. माझे हात थरथरत होते. अर्ध्या तासाने कळप नदीकडे उतरला आणि आम्ही 5:22 ला गेटमधून आत शिरलो. ते पॉटी नसतं तर काय केलं असतं याचा विचार आजही नको वाटतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं की साडेतीनला कॅम्पमध्ये परत म्हणजे परत, मग समोर सिंह दिसो नाहीतर काहीही.

दिवस आम्ही असा पाडला, सकाळी सहाला मुलांना झोपेतूनच उचलून गाडीत, ब्लँकेटसकट, कारण पहाटे चांगलीच थंडी असते, साडेनऊपर्यंत फिरायचं, मग परत येऊन आंघोळ, जेवण, पोहणं आणि झोप. तिन्ही कॅम्पला पोहायचा तलाव आहे. दुपारी फक्त जवळ. लोअर साबीला कॅम्पच्या बाहेर पडलं की लगेच सनसेट डॅम लागतं, तिथे गाडी उभी करून पाणघोडे आणि मगरी बघत तासभर बसलो, मुलांना पन्नास किलोमीटर फिरण्यापेक्षा ते जास्त आवडलं. कॅम्पच्या दुकानात प्राण्यांची चित्रं असलेलं नकाशाचं पुस्तक मिळतं, दोघांना वेगवेगळं घेऊन द्या, खुणा करत बसतात. प्रत्येकाला स्वतःची दुर्बीणही हवी, एकच नेली तर भांडणं ठरलेली.

गाडीच्या टपावरच्या रूफटॉप टेंटचं मुलांना फार आकर्षण असतं पण रात्री दोन वाजता झोपेतल्या मुलीला शिडीवरून उतरवायचं मला धोक्याचं वाटलं म्हणून आम्ही जमिनीवरचा टेंट घेतला. जायच्या आधी दोनदा गच्चीवर आणि एकदा भंडारदऱ्याला धरणाकाठी झोपून बघितलं. तसंच कारसीटचं. आपल्याकडे मुलं मांडीवर नाहीतर मोकळी बसतात, तिथे रोजचे चार-पाच तास बांधून बसायचं म्हणजे आधी महिनाभर सवय लावावीच लागते. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी दोन सीट कबूल केल्या होत्या आणि प्रत्यक्षात एकच दिली, दुसरीचं बकल तुटलेलं निघालं, बदलून घेण्यात आमचा अर्धा दिवस गेला, तेव्हा ताब्यात घेताना दोन्ही बकल स्वतः लावून बघा.

मलेरियाबद्दल मात्र मी कुणाला धीर देणार नाही. क्रूगर मलेरियाच्या भागात येतं आणि आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी त्या सीझनच्या शेवटाला लागते, कोरडे कमी धोक्याचे महिने जून ते सप्टेंबर, तेव्हा आपल्या शाळा चालू. पाच वर्षांखालच्या मुलांना शक्यतो त्या भागात नेऊ नका असंच डॉक्टर सांगतात. आम्ही निघायच्या सहा आठवडे आधी मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो, मलेरिया टाळायच्या गोळीचा डोस वजनावर ठरतो आणि परत आल्यावरही कोर्स पूर्ण करायचा असतो. मूल पाच वर्षांहून लहान असेल तर पिलानेसबर्ग पार्कला जा, जोहान्सबर्गपासून अडीच-तीन तास, मलेरिया नाही, पार्क आटोपशीर आहे आणि तिथेही स्वतःची गाडी चालते. माझी जाऊ दोन वर्षांच्या मुलाला घेऊन तिथेच गेली होती, हत्ती, गेंडे, जिराफ सगळं बघून आली.

ज्यांना पुढच्या मे ला जायचंय त्यांनी आत्ताच हालचाल करावी, कॅम्पचं बुकिंग साधारण अकरा महिने आधी उघडतं आणि कुंपणालगतच्या चांगल्या जागा पटकन जातात. आंतरराष्ट्रीय लायसन्स हवं असेल तर ते आरटीओतून निघतं. व्हिसाला मुलांचा जन्मदाखला लागतो, त्यावर आई आणि वडील दोघांची नावं हवीत आणि पासपोर्टशी स्पेलिंग जुळायला हवं, आमच्या मोठ्याच्या दाखल्यात माझं नाव माहेरचं निघालं आणि ते दुरुस्त करायला दोन महिने गेले, म्हणून तिकिटं काढायच्या आधी कपाटातून तो कागद काढून नीट वाचा.

आपली,
एक आई, नाशिक