गाण्याच्या सुरुवातीचं म्युझिक कापू नका हो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात एका कराओके स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो, तिथे जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. स्पर्धक खूप, वेळ कमी, म्हणून आयोजकांनी सगळ्या ट्रॅकचं सुरुवातीचं म्युझिक उडवून टाकलेलं, डायरेक्ट मुखडा. सातवी-आठवीतली एक मुलगी माईकपुढे आली, तिला वाटलं इंट्रो येईल, तर ट्रॅक सुरू झाला तो थेट शब्दांवरच, ना पट्टी कळली ना लय, सूर सापडेपर्यंत पहिली ओळ निघून गेली आणि पोरगी रडत खाली उतरली. तिची काय चूक?

मी वीस वर्षं हौशी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. गायकाला नुसती "काळी दोन" अशी पट्टी सांगून भागत नाही. चार मात्रांचा का होईना, पीस वाजला की गळा आपोआप जागेवर येतो, ठेका अंगात भिनतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार ते कळतं. ऐकणाऱ्याचंही तसंच असतं, शब्द यायच्या आधीच त्याला कळलेलं असतं की आता गाणं रडवणार आहे की नाचवणार.

आणि ही काही सिनेमावाल्यांनी काढलेली फॅशन नाही. वारकरी भजनाला बसा, पहिल्या अभंगाआधी टाळ-पखवाजावर 'जय जय रामकृष्ण हरी' चालतं, आधी संथ, मग हळूहळू चढत जातं, आणि सगळ्यांचा सूर एक झाला की मगच रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा अभंग. तमाशात गणाच्या, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेच्या आधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी होते, तेवढ्यात मागे बसलेला माणूससुद्धा सावरून बसतो. पावसाच्या गाण्यांचा 'गारवा' अल्बम आठवा, १९९८ चा. गाण्याआधी कवी सौमित्र नुसतं बोलतो आणि मग मिलिंद इंगळेंचा आवाज येतो. ते बोलणं काढून टाका, गाणं तेच राहील पण पाऊस येणार नाही.

इंट्रो लांबच पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळायची, त्यात सगळं बसवायचं, म्हणून त्या काळातले पीस छोटे पण एकेक स्वर विचार करून ठेवलेला. आत्ताची घाई वेगळी आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका संशोधकाने १९८६ ते २०१५ मधली टॉप टेनमधली ३०३ गाणी तपासली, तर ऐंशीच्या दशकात वीस सेकंदांच्या वर असलेला इंट्रो पाचेक सेकंदांवर आलेला. स्पॉटिफायवर तर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणं मोजलंच जात नाही, मग ऐकणारा पुढे सरकवेल या भीतीने आवाज लगेच आणायचा. धंद्याचं गणित समजतं मला, पण त्यासाठी आधी होऊन गेलेली गाणी का कापायची?

एफएमवरही तेच. इंट्रो वाजत असताना आरजे बोलत राहतात आणि नेमकं शब्दांच्या आधी थांबतात, जसं काही ते म्युझिक त्यांच्या बोलण्यासाठीच केलंय. अहो, त्या वीस सेकंदांवर कोणीतरी रात्री घालवल्यात. अनिल मोहिले, इनॉक डॅनियल्स, हिंदीत सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर म्हणजे संगीत संयोजक, या लोकांनी व्हायोलिनच्या ओळी लिहिल्या, कुठे बासरी कुठे मेंडोलिन ते ठरवलं. गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं सांगतात पण संगीत संयोजकाचं नाव रेडिओवर कितीदा ऐकलंय तुम्ही?

गणपती परत जवळ येतायत. मंडळांना एवढीच विनंती, वेळ कमी पडत असेल तर दुसरं कडवं कापा, भाषणं कापा, पण सुरुवातीचा पीस पोरांना मिळू द्या.

आपला,
एक वाचक, मिरज